बसा, सोडून देतो

आमच्या गावच्या नहरेवरून कोणी पायी चालूच शकत नाही. वाट खराब आहे असं नाही. वाट तर झकास आहे. एका अंगाला कालव्याचं पाणी, दुसऱ्या अंगाला हरभऱ्याची वावरं, पुढे दोन-चार मोहाची झाडं आणि मग सागाचं रान. चालू देत नाहीत ती माणसं. नहरेवर कोणी पायी दिसलं की मागून येणारी मोटारसायकल थांबते, वर बसलेला सीटवर पुढे सरकतो आणि म्हणतो, "बसा, सोडून देतो." नाही म्हणून बघा. "काऊन, माह्या गाडीवर नाई बसत का तुम्ही?" असं म्हणून तो जो रुसतो, तो पुढच्या लग्नसराईपर्यंत बोलत नाही.

एरवी ही गंमतच होती. पण गेल्या दिवाळीनंतर माझ्या बाबांना लकव्याचा हलका झटका आला आणि या गमतीनं आमचा जीव खाल्ला. बाबांचं तोंड वाचलं, हात वाचले, डावा पाय तेवढा रुसून बसला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की गोळ्यांचं काम झालं, आता रोज चालले तर पाय परत येईल, आणि बसून राहिले तर कायमचे बसतील. आईनं मान हलवली. बाहेर येऊन मला म्हणाली, "चालवतो मी त्याईले." ती अशा आवाजात म्हणाली की मला बाबांचीच काळजी वाटली.

बाबा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर रोज गावोगाव फिरले, पण स्वतःच्या पायांनी फारसे नाही. पानठेल्यावर जायचं तरी लुना काढत. त्यांच्या मते चालणं म्हणजे बस चुकलेल्या माणसाचं काम. सुरुवातीचे काही आठवडे आईबाबा माझ्याकडे वर्ध्याला राहिले, तेव्हा आम्ही त्यांना जवळच्या बगीच्यात नेलं. अर्धी फेरी झाली आणि एका बाकड्यावर त्यांना रिटायर मंडळी सापडली. मग रोज अर्धी फेरी आणि दीड तास बाकडं. कोणती गाडी कोणत्या वर्षी बंद झाली यावर तिथे भांडणं होत. पाय तिथल्या तिथे.

म्हणून मग गावी. दर रविवारी मी, नवरा आणि आमची आठ वर्षांची पोरगी वर्ध्याहून जायचो आणि आईबाबांना घेऊन नहरेवर निघायचो. पोरीनं या फिरण्याची बस करून टाकली. पळसाचं पान फाडून तिकीट द्यायची, मोहाच्या झाडाला थांबा, पुलाला थांबा. बाबा तिला शिकवत, "एक घंटी म्हंजे थांब, दोन म्हंजे चाल. हे चुकवजो नको." ती तोंडानं टिंगटिंग करायची आणि बाबा काठी टेकत निघायचे. मला वाटलं, जमलं.

पहिल्याच रविवारी, मोहाचं झाड यायच्या आत, मागून गाडी थांबली.

"काका, बसा नं, सोडून देतो."

आणि बाबा बसले. काठी आईच्या हातात दिली आणि गेले बिचारे पुलावर. आम्ही चौघं पायी तिथे पोचलो तेव्हा ते टपरीवर चहा पीत होते. "लय वेळ लावला तुम्ही," म्हणाले.

दोष एकट्या गाडीवाल्याचा तरी कसा म्हणू? या पट्ट्यात असा माणूस सापडायचा नाही ज्याला बाबांनी कधी रस्त्यावरून उचललं नव्हतं. कोणी वावरातून धावत येत असेल, कोणाच्या डोक्यावर गाठोडं असेल, हात दिसला की बाबांची घंटी वाजलीच. थांबा असो-नसो. ड्रायव्हर कुरकुरायचा, बाबा म्हणायचे, "त्याचा हात दिसला, आता डोळे कसे मिटू?" ती सगळी माणसं आणि त्यांची मोठी झालेली पोरं आता बाबांना उचलायला टपून होती.

दुसऱ्या रविवारी आईनं डोकं चालवलं. नहर सोडून सागाच्या रानातली पायवाट धरली. तिथे मोटारसायकल येत नाही. वाळलेली पानं पायाखाली अशी कडाडायची की बोललेलं ऐकू येत नव्हतं. नवऱ्याला वाघाची धास्ती. आमचं रान बोर अभयारण्याच्या जंगलापासून काही लांब नाही. आई म्हणाली, "वाघ आला तं तोही म्हणन, बसा काका, सोडून देतो." आम्ही हसतोय तोवर पलीकडून जळतण भरलेली बंडी आली. बैलांच्या गळ्यातल्या घंट्यांकडे बाबांनी असं पाहिलं, की मला पुढचं सांगायची गरज नाही. लाकडांवर बसून गेले.

तिसऱ्या वेळी मी चिडले. मला राग लवकर येतो, आणि आला की आधी तोंडात येतो. गाडीवाल्याला म्हटलं, "अहो दादा, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय त्यांना. बिमार आहेत ते."

"बिमार आहे? मंग तं बसाच काका. बिमार माणसाले असं उन्हात चालवते का कोणी?" आणि त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बापाला घाण्याला जुंपलाय. संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं, पोरगी वर्ध्याहून येते आणि बापाले पिदडते.

त्या रात्री आई जेवली नाही. बाबांचा पाय सुजल्यासारखा दिसत होता आणि उंबरा ओलांडताना त्यांनी भिंत धरली होती. मला आठवतं, तेव्हा पहिल्यांदा मला खरीखुरी भीती वाटली, की हा माणूस आपल्याच लोकांच्या मायेनं खाटेवर जाईल.

पुढच्या रविवारी परत नहर, परत गाडी, परत तेच. बाबांनी काठी पुढे केली, आणि आई एकदम शांतपणे म्हणाली, "बसवू नको, बाप्पा. नवस आहे. केळझरच्या गणपतीले पायी जायचं बोललो आहो."

गाडीवाल्यानं हात असा मागे घेतला, जणू तव्याला लागला. आमच्याकडे नवसाच्या माणसाला कोणी गाडीवर बसवत नाही. बसवलं की नवस मोडतो, आणि मोडल्याचं पाप बसवणाऱ्याच्या डोक्यावर. त्यानं कपाळाला हात लावला, गाडी बंद केली आणि आवाज न करता, ढकलत ढकलत आमच्या पुढे नेली. चांगला लांब जाऊन मग किक मारली.

"म्या कवा बोललो नवस?" बाबा.

"तुमच्यासाठी मी बोलली."

"केळझर कुठी आहे मालूम आहे नं तुले?"

"तुमीच तं तिकीट फाडत होते तिथलं. चला."

मी आईला नंतर बाजूला घेऊन विचारलं, की देवाच्या नावानं खोटं बोललीस का गं. ती भांडी घासत म्हणाली, "एकदा तोंडातून निघालं म्हंजे झाला नं नवस. आता खोटा कसा राहीन?"

बातमी आम्ही घरी पोचायच्या आधी घरी पोचली. एक बाई नारळ घेऊन ओसरीवर बसलीच होती: तुम्ही जाऊनच राह्यले तं आमच्या नावाचाही फोडजो. मग रोज कोणी ना कोणी. नारळ, अगरबत्ती, दुर्वांची जुडी. दुर्वा आता कशाला, कधी जाणार त्याचा पत्ता नाही, असं म्हटलं की उत्तर तयार, "पाण्यात ठेवजो." कोणी विचारायचं, नवस आणि चप्पल घालून? आई म्हणायची, "डॉक्टरनं सांगितलं चप्पल घालाले. देवालेही समजते." जाण्याची तारीख विचारली की, "पाय म्हणन तवा."

आणि बाबा अडकले. आता मागून गाडीचा आवाज आला की ते आशेनं वळून बघायचे, आणि गाडीवाला हात जोडून पुढे जायचा. एकदा त्यांना राहवलं नाही. मोहाच्या झाडापाशी आम्ही थोडे मागे आहोत असं पाहून त्यांनी चक्क हात दाखवला. गाडी थांबली. पण तो म्हणाला, "नाई काका, तुमचा नवस मोडून मले पाप नाई घ्याचं," आणि गेला. ज्या माणसानं उभ्या नोकरीत कोणाचा हात खाली पडू दिला नाही, त्याचा हात तसाच वर राहिला. त्या दिवशी बाबा रागानं चालले, आणि पुलापर्यंत पोरीला त्यांच्यामागे पळावं लागलं.

मग आई रोज त्यांना चालवू लागली, आणि दर रविवारी एक थांबा वाढत गेला. पूल झाला, पुलापुढचं आंब्याचं झाड झालं, मग रानाची हद्द. बाबांची काठी आधी टेकायची, मग नुसती सोबत यायची. आई मात्र पूर्ण वेळ पाऊलभर पुढे, आणि दर चार पावलांनी मागे वळून बघणार. पाय कसा पडतोय, उचलतोय की ओढतोय. कधी मान दुखते म्हणून रात्री बाम चोळून घ्यायची. मी म्हटलं, मागून चाल ना मग. म्हणाली, "मागून चालली तं ते माह्यासाठी हळू होते."

पळस फुलला तेव्हा आम्ही केळझरला गेलो. पहाटेच निघालो. सगळ्या गावाचे नारळ दोन पिशव्यांत, आणि दोन्ही पिशव्या जावयाच्या खांद्यावर. वाटेत बाबा त्याला विचारायचे, "जावईबापू, जड तं नाई नं?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जायचे. देवळाची टेकडी चढताना मात्र ते मध्येच बसले. घाम आला होता, ओठ पांढरे पडले होते. आई समोर उभी राहिली. चला म्हणाली नाही, परत जाऊ म्हणाली नाही. पोरीनंही घंटी वाजवली नाही. घाम पुसून बाबा स्वतःच तिला म्हणाले, "देते का नाई डबल घंटी?" पोरीनं टिंगटिंग केलं आणि ते उठले. वर पोचल्यावर मी देवाकडे पाठ करून रडून घेतलं. नवरा नारळ फोडत होता, त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही.

खाली सडकेवर आलो, तर आमच्या गावचीच एक मोटारसायकल उभी. नवसाच्या पहिल्या दिवशी गाडी ढकलत नेणारा तोच. "काका, फिटला नं नवस? आता बसा, सोडून देतो."

बाबांनी त्या सीटकडे पाहिलं. डोळे भरून पाहिलं म्हटलं तरी चालेल. मग म्हणाले, "हिले घेऊन जा. टाचा फुटल्या तिच्या, सारं माह्यासंगं चालून चालून. तिले कोणी इचारलंच नाई एवढ्या दिवसांत. मीही नाई."

"मी कायले बसू? तुम्ही—"

"मी येतो पायी. बस तू."

आई बसली. पदर सावरला, रिकामी पिशवी मांडीवर घेतली. बाबा गाडीवाल्याला म्हणाले, "खड्डे पाहून नेजो," आणि एसटीच्या पत्र्यावर मारत तशा दोन थापा गाडीच्या मागच्या अंगावर मारल्या. गाडी निघाली. आम्ही सगळे बघत होतो, कारण आम्हाला आईची सवय माहीत होती. पार वळणापर्यंत, आईनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.