न लावलेला ब्रेक

माझी आत्या रेल्वे कंपन्यांची सुरक्षा तपासते. तिची सही झाल्याशिवाय परवाना मिळत नाही आणि परवान्याशिवाय गाडी हलत नाही. लग्नाला होकार देण्याआधी हिने माझ्या सायकलचे ब्रेक बघितले होते, असं आतोबा आल्यागेल्याला सांगतात. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते.

घरापासून जवळच्याच एका छोट्या कंपनीचा परवाना संपत आला होता. आगारात ताजा रंग, कडक इस्त्रीचे गणवेश. आत्याला असल्या चकचकाटाचं वावडं. तिने थेट ब्रेकची चाचणी दाखवायला सांगितली. रीत साधी होती. पुढे चालक ब्रेक लावून वायरलेसवर "लावला" म्हणतो. शेवटच्या डब्याशी गार्ड वाकून ब्रेकचे ठोकळे चाकाला चिकटलेत का ते बघतो आणि कळवतो, "धरला".

चालक आणि गार्ड ही जुनी जोडी, एकमेकांवाचून पान न हलणारी. "धरला" ऐकून आत्याच्या कपाळाला आठी पडली. ब्रेकचा जोर शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागतो. उत्तर त्याच्याआधीच आलं होतं.

तिने चाचणी पुन्हा करायला लावली. या खेपेला चालकाचं मनगट धरून ठेवलं आणि नुसतं बोला म्हणून खुणावलं.

"लावला," चालक कसाबसा म्हणाला.

"धरला."

चालकाचा चेहरा उतरला. गार्ड गाडीच्या कडेकडेने चालत पुढे आला. काय झालं ते कळल्यावर खाली बघत म्हणाला, "ताई, यानं आजवर कधी चूक केलीच नाही हो."

"म्हणून तुम्ही बघायचं सोडलंत."

आगारप्रमुखाने आधी गोडीत घेतलं, मग टोमणे मारले. एका शब्दापायी कामगारांची, शाळकरी मुलांची गाडी बंद पाडणार का, असं विचारलं. आत्याने सही केली नाही. मुदत संपली, गाडी थांबली. तीही त्याच गाडीने कामावर जायची. आता बसच्या रांगेत उभी राहू लागली. रांगेतली शेजारीण तिच्याकडे पाठ फिरवून बोलायची, ऐकू येईल असं. जरा सांभाळून घेता आलं नसतं का, असं आतोबांनी एकदा विचारलंच. ती म्हणाली, मी तेच करतेय.

कंपनीने गार्डांना नव्याने शिकवलं आणि फेरतपासणी मागितली. आत्याने मुद्दाम तीच जोडी बोलावली. पुन्हा चालकाचं मनगट धरलं.

"लावला."

वायरलेस नुसता खरखरत राहिला. आगारप्रमुख रुमालाने मान पुसू लागला. आत्या समोरच्या रुळांकडे बघत होती.

"नाही धरला," गार्डचा आवाज आला. मग वैतागून, "अरे, झोपलास का पुढे?"

चालकाला हसू आवरेना. आत्याने त्याचं मनगट सोडलं.

"आता लावा," ती म्हणाली आणि पर्समध्ये पेन शोधू लागली.