इस्त्रीनंतरचं गार पाणी

अत्लिश्कोत निकानोराबाईंइतकी कडक इस्त्री कुणाची नव्हती, आणि तितका कडक स्वभावही. गावातल्या सगळ्या शहाण्यांना एक गोष्ट पाठ होती: इस्त्रीने तापलेले हात त्या दिवशी गार पाण्यात घालायचे नाहीत, घातले की सांधे गेलेच म्हणून समजा. बाईंनी हा नियम चाळीस वर्षं असा पाळला, की चर्चमधल्या पवित्र पाण्यालाही नुसतं कोपर लावून भागवलं.

एवढं करून बोटं सुजलीच. सकाळी मूठ वळेना. आता नियम तर चुकणं शक्य नव्हतं, म्हणून बाईच चुकल्या असणार!

"कधीतरी चोरून हात धुतले असशील गं," शेजारीण तोमासा म्हणाली.

"चोरून? तुझ्यासारखी आहे का मी?" दारूत मुरवलेल्या गांजाने बोटं चोळत बाई कडाडल्या.

शेवटी मुलगी चायो त्यांना ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. रक्त तपासलं, मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली.

"हा आमवात. पाण्याचा काही संबंध नाही, बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी तुमच्याच सांध्यांवर उलटल्यात. कुंपणच शेत खातंय. आता रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरही कुरतडायला लागल्यात. सुरुवात आहे, गोळ्यांनी आवरेल. नाही घेतल्यात, तर हृदयावर बेतेल."

"कालची पोर, मला शिकवते!" म्हणत बाईंनी गोळ्या पिशवीत कोंबल्या. आठवडाभर पाकीट फोडलं नाही. चायो चिडली, रडली, हातापाया पडली. बाई ढिम्म.

खरी गोम वेगळीच होती. चायो सहा वर्षांची असताना एका दुपारी तापाने फणफणली होती. "आई, कपाळावर पट्टी ठेव ना," असं सारखं म्हणत होती. आईचे हात इस्त्रीने तापलेले. पट्ट्या ठेवल्या त्या तोमासाने. आता पाणी निर्दोष ठरलं, तर त्या दुपारचं काय करायचं? त्यावर डॉक्टरीणबाईंकडे गोळी नव्हती.

आठव्या दिवशी शेवटचा शर्ट घडी करून बाई उठल्या आणि दोन्ही हात गार पाण्याच्या पिंपात मनगटापर्यंत घातले.

"अगं आई! काय करतेस!" चायो किंचाळली.

बाईंनी वाकड्या बोटांनी फडकं कसंबसं पिळलं आणि पोरीच्या कपाळावर ठेवलं.

"मला कुठे ताप आलाय, आई?"

"माहीत आहे. गप बस." फडकं पुन्हा बुडवत त्या म्हणाल्या, "आण ती गोळी. आणि तोमासाला सांगू नकोस."