मास्तर बसले तो दिवस

जवळ ये गं शांते, हा कागद नाकाशी धर आणि मावशीच्या चार शिव्या आधी खा. निपाणीला मास्तरीण होऊन वरीस झालं नाही, तोवर लिहितेस की पोरं तंबाखूच्या वखारीत कामाला जातात, रिकाम्या वर्गात मी एकटीच बसून असते, नोकरी सोडते म्हणून? बसतेस कशाला मुळात? आमच्या मास्तरांविषयी तुला सांगायचं राहूनच गेलं, ती चूक मात्र माझी.

अख्ख्या बेळगावात आमच्या वडगावच्या मास्तरांना बसलेलं बघितलेला माणूस नव्हता. भाकरी चालता चालता खायचे. लग्नाच्या पंगतीत पाटाला टेकतात न टेकतात तोच उठून वाढायला लागायचे. न्हाव्यापुढंसुद्धा उभेच. एकदा शाळा बुडवून पळणारं पोर दिसलं, तर साबण लावलेल्या गालानं त्याच्यामागं थेट शेजारच्या मच्छे गावाच्या वाटेला लागले. न्हावी रुसला आणि मास्तरांनी आठवडाभर अर्ध्या मिशीनं शिकवलं. शाळेत खुर्ची होती, पण तिच्यात ज्या पोराला ताप असेल ते निजायचं. खिशात कायम फुटाणे. "उपाशी पोटाला पाढा धरत न्हाय," म्हणत हातावर मूठभर ठेवायचे आणि पुढं चालू लागायचे.

वडगावात तेव्हा घरोघरी हातमाग. मोठ्यांनी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचं, पोरांनी शेजारी कांड्यांवर सूत भरायचं. लग्नसराई आली की शाळा ओस. मग मास्तर पाटी काखेत मारून स्वतःच दारोदार फिरायचे. आमच्या सोप्यात मला आणि शेजारच्या पोरांना मागाच्या ठोक्यावर पाढे म्हणायला लावायचे. एक ठोका, एक ओळ. स्वतः येरझाऱ्या घालत मान हलवायचे.

तिथंच मेला घात झाला. आप्पा, म्हणजे माझे वडील, व्यापाऱ्याचं लुगडं विणत होते. काठावरचं रुईफूल धागे मोजून काढावं लागतं. आप्पा मनात मोजताहेत आणि कानाशी आमचा सतराचा पाढा. दुपारी बघतात तर तीन फुलं भोपळ्याएवढी फुगलेली. आप्पांनी माग थांबवला. आडवा धागा फिरवायचा धोटा खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, आजपास्नं शाळा माझ्या घरात न्हाय, आन् पोरगीबी तुमच्या शाळंत न्हाय."

माझ्या हातातली कांडी सुटून घरंगळत गेली. मास्तर दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. मग म्हणाले, "आप्पा, उसवायला मी बसतो."

"तुमी? आन् बसनार?" आई चुलीपासनं हसली.

बसले गं. खड्ड्यात पाय सोडून, एकेक आडवा धागा सोडवत, दिवेलागणीपर्यंत. गुडघे सारखे उठू बघायचे, दाव्याला बांधलेल्या वासरागत. माझ्याकडं बघेनात. दोन फुलं उसवून झाली तोवर बोटं सोलली होती. तिसऱ्याला हात घातला तेव्हा आप्पांनी मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या ते. उठा आता, तुमास्नी असं बघवत न्हाय मला." आणि मनगट सोडत म्हणाले, "उद्या या. पर माझं फूल झाल्याबिगर पाढा न्हाय."

तेव्हापासून फूल पुरं झालं की आप्पा धोट्यानं लाकडावर टकटक करायचे आणि आम्ही सुरू व्हायचो. त्या राहिलेल्या फुलापायी व्यापाऱ्यानं ते लुगडं परत केलं. आप्पांनी पेटीत ठेवलं आणि माझ्या लग्नात मला नेसवलं.

म्हातारपणी मास्तरांचे पाय गेले. मी भेटायला गेले तर भिंतीला टेकून बसलेले. मला बघून उठायला लागले, उठवेना. म्हणाले, "सतराचा येतोय का अजून?" मी उभी राहून अख्खा म्हटला. पांघरुणाखाली त्यांची बोटं ठोका धरत होती.

वखारीच्या दारात पाटी घेऊन उभी राहून बघ एकदा, शांते. आणि सवड काढून ये लवकर. लुगडं उन्हाला काढून ठेवलंय, ते भोपळ्याएवढं फूल तुझ्या खांद्यावर कसं दिसतं ते बघू दे मला.