चन्नम्माचा अंगठा

चिंचोळी एमआयडीसीतल्या शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात मायाक्का सुपरवायझर झाली, तेव्हा तिचं सगळं काम आवाजावर चालायचं. कटिंगच्या टेबलापाशी उभी राहून ती हाळी द्यायची, "कॉलरी कुटं अडकल्यात गं?" मशिनींच्या खडखडाटातून पार पलीकडच्या काजबटणाच्या कोपऱ्यातून चन्नम्माचं उत्तर यायचं, "बंतु, अक्का, बंतु!" कानडीत, म्हणजे आलंच म्हणून समजा. मंगळवेढ्याच्या माळावर मेंढरं वळवताना कमावलेला आवाज होता मायाक्काचा; तो मशिनींना काय दाद देणार!

दुपारी ती फेरी मारायची. कुणाचं पोर तापलंय, कुणाचं सासूशी वाजलंय, हे तिला न विचारताच कळायचं. जेवायला मात्र ती चन्नम्माकडंच. शेंगाचटणी मधे ठेवून दोघी एकाच ताटलीत जेवायच्या.

मग ऑफिसातल्या ऋतुजानं सगळ्यांच्या फोनवर एक ॲप घालून दिलं. काम झालं की हिरवी खूण, रखडलं की आपोआप लाल. निरोप त्यातच लिहायचे. मायाक्का चटकन शिकली. पाय दुखायचे थांबले, घसा बसायचा थांबला, खोटं कशाला बोला? पण हॉलमधली बोलणी आटत गेली. जेवणाच्या सुट्ट्याही वेगवेगळ्या झाल्या. काहीही लिहिलं तरी चन्नम्माकडून वर केलेला एक अंगठा यायचा, तेवढीच तिची खबर.

एके दिवशी काजबटणाचं काम लाल झालं. मायाक्कानं लिहिलं, 'काय झालं?' अंगठा आला. 'मशिन बंद आहे का?' पुन्हा अंगठा. मायाक्का उठली आणि कित्येक महिन्यांनी हॉल ओलांडून गेली.

चन्नम्मा बंद मशिनीपुढं बसली होती. डोळे भरलेले.

"अगं, मशिन बिघडलं तर सांगायचं न्हाय व्हय?"

"कसं सांगू, अक्का? मला कन्नडच वाचायला येतंय. तुमचं काय आलं की अंगठा दाबते बघा. कळलं तर कामावरनं काढतील म्हणून गप बसले."

 त्या अंगठ्यांना मायाक्का इतके दिवस 'बरं हाय' समजत होती. तिनं तिथूनच मेकॅनिकला हाळी दिली. अख्ख्या हॉलनं माना वळवल्या, कुणीतरी हसलंसुद्धा.

ऋतुजाला तिनं सगळं सांगितलं. ऋतुजा कपाळाला हात लावून म्हणाली, "आवाज पाठवायचं बटण आहे की त्यात, मावशी! दाखवायचं राहिलंच माझं." त्याच दुपारी तिनं चन्नम्माशेजारी स्टूल ओढून ते शिकवलं. तेव्हापासून अर्धं कन्नड, अर्धं मराठी असे चन्नम्माचे निरोप येऊ लागले. काजांबद्दल थोडे, नातवाबद्दल जास्त.

यंदा नातवाला सांभाळायला चन्नम्मा काम सोडून अक्कलकोटकडच्या आपल्या गावी गेली. परवा मायाक्का एसटीनं तिला भेटून आली. लिंबाखाली बसून दोघींनी जुन्या बायकांची नावं काढली. कोण कुठल्या मशिनीवर असायची, कोण कशी हसायची, कोण आता कुठं गेली.

"लई बोललो की गं आज," चन्नम्मा म्हणाली.

फाट्यावर परतीच्या एसटीचा हॉर्न वाजला. मायाक्का पदर सावरून उठली, मग पुन्हा खाली बसली.

"जाऊ दे ती. दुसरी मिळंल की."