म्हात्रेकाकांचा चुकलेला अंदाज

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ तर नाहीच — त्याच्यापासूनच लपवायचं होतं ना!

मी कामोठ्यात नवरीचा मेकअप करते. आगरी-कोळ्यांच्या लग्नांत हळदीपासून सगळं घर नटतं, त्यामुळे कमाई बरी. टॅक्सचं काम म्हात्रेकाकांकडे. दीर, नणंद, सासरचे सगळे त्यांच्याकडेच — आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस माझी कमाई दिरांच्या कानावर घालणार नाही कशावरून? दीर रोडपालीत फ्लॅट घेत होते, पैशांसाठी घरातल्या एकेकाला चाचपत होते. नवऱ्याला माझी खरी कमाई कळली असती, तर त्यानेच ती भावाला काढून दिली असती.

वर्षाच्या कमाईचा अंदाज बांधून टॅक्स आधीच हप्त्यांनी भरायचा. कमी पडला तर वर व्याजाचा भुर्दंड. काकांनी मला विचारलं होतं, "सूनबाई, आजून काय कमाई हाय का? माझ्या तोंडून भायेर जानार नाय."

मी नाही म्हणाले. निम्मी लग्नं मी सांगितलीच नाहीत. उलट हे एवढं खोदून का विचारतात, याचाच मला संशय.

रिटर्न भरताना बँकेचा उतारा द्यावाच लागला. टॅक्स कमी पडला होता, व्याज लागलं. नवऱ्याने विचारलं, हे कसलं व्याज? — आणि मी काय सांगितलं? काकांचा अंदाज चुकला म्हणून. किती सहज सांगितलं!

तो मला घेऊन तडक काकांच्या ऑफिसात गेला. नको नको ते बोलला. माझा उतारा काकांच्या समोरच, टेबलावर होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आता बोलणार, असं मला वाटलं.

"चुकला आसंल माझा हिशोब," एवढंच म्हणाले.

मला लाज वाटली? नंतर वाटली. आधी हायसं वाटलं, खरं सांगते.

नवऱ्याने ते घरभर केलं. सासरच्या सगळ्यांनी काकांकडून आपापल्या फायली काढून आणल्या. त्यांचं पाहून ओळखीपाळखीच्यांनीही आणल्या. काकांनी ऑफिसचा गाळा सोडला. आता घरूनच कामं करतात, मिळतील तेवढी.

अजूनही दरवर्षी जेवताना विषय निघतो, रिटर्न कुणाकडे द्यायचा? "म्हात्रेंकडे सोडून कुणाकडेही," दीर म्हणतात. सगळे हसतात. भात वाढता वाढता मीही हसते — आणि म्हणते, "त्यांच्याकडे नकोच."