गोड्या पाण्याची विहीर

पांतेलिसकाकाची बाग समुद्राला इतकी खेटून होती की वारा सुटला की लिंबाच्या पानांवर मीठ चढायचं. तरी विहिरीचं पाणी मात्र गोडं. आमच्या बेटावर पाहुणा आला की चमचाभर मुरांबा आणि पेलाभर पाणी पुढे करतात. काकाकडे आलेला पाहुणा आधी पाण्याचीच तारीफ करायचा आणि म्हातारा फुगायचा. मुरांबा बायकोनं, अनेझिनाकाकूनं, केलेला असायचा. त्याबद्दल चकार शब्द नाही.

काकाच्या वडलांनी त्याला एकच गोष्ट बजावून ठेवली होती. विहीर कधी खोल खणायची नाही. खाली समुद्र आहे, वर गोडं पाणी तरंगतं तेवढंच आपलं.

मग पुळणीवर अथेन्सच्या एका माणसानं हॉटेल उभं केलं. परवान्याचा पत्ता नाही. वाळूतली पांढरी फुलं बुलडोझरखाली गेली, ओढ्याचं तोंड सिमेंटनं बुजलं. सरकारी माणसं आली, दाराला सील ठोकलं, फोटो काढले आणि बोटीनं परत गेली. सील दाराला आणि गवंड्यांची ये-जा खिडकीतून! पोहायचे तलाव भरायला बोअर मारली. तिची घरघर दिवसभर चालायची. मला तो आवाज पहिल्यापासून सोसला नाही.

त्या उन्हाळ्यात काकाची बादली विहिरीच्या तळाशी आपटायला लागली. माझ्या कॉफीच्या दुकानात येऊन तो म्हणाला, "मारिगो, आणखी थोडं खणतो."

"काका, वडलांनी काय सांगितलं होतं?"

"त्यांच्या वेळी शेजारी हा राक्षस नव्हता, पोरी. झाडं मरू देऊ?"

कोपऱ्यातून मिकेस कोळी ओरडला, "खणा, खणा! मासे लागले तर मला हाक मारा." सगळे हसले. मीही हसले.

काकानं खणलं. पाणी आलं, भरपूर आलं, आणि सुरुवातीला गोडंच आलं. पण थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपायला लागल्या. काकाला वाटलं झाडं तहानली आहेत, म्हणून त्यानं आणखी पाणी पाजलं. चव बघायचं मात्र तो टाळत होता.

ज्या संतावरून काकाचं नाव ठेवलं, त्या संताचा सण आला. त्या दिवशी घर सगळ्यांना उघडं असतं. अनेझिनाकाकूनं तबक फिरवलं. आम्ही मुरांबा खाल्ला, "शंभर वर्षं जगा" म्हणालो आणि पेले तोंडाला लावले. मिकेसनं पेला अर्धाच खाली ठेवला. असं कोणी करत नाही.

"पाणी कसं आहे?" काकानं विचारलं.

"गार आहे," मिकेस म्हणाला.

काकानं त्याचाच पेला उचलून घोट घेतला. "मीच आत घेतलं त्याला," तो पुटपुटला. समुद्राबद्दल बोलत होता तो.

बाग आता सरपण झाली आहे. पुढे हॉटेलच्या बोअरलाही खारं पाणी लागलं, तेव्हा त्यांनी वर चढावर, जिच्या पाण्यावर माझी कॉफी होते त्या गावविहिरीच्या बाजूला, नवी बोअर मारली. तिचंही सील वाऱ्यावर फडफडतं आहे आणि घरघर आता माझ्या दुकानापर्यंत ऐकू येते.

आज सकाळी मिकेसनं कॉफीचा पहिला घोट घेतला आणि थांबला.

"कशी झाली आहे?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "गरम आहे," तो म्हणाला.