मी चुकत असेन, पण

इंग्रजीत नम्रपणे शंका घ्यायला मी धरमपेठेतल्या एका क्लासमध्ये शिकले. नागपूरजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा माझं इंग्रजी लिहिण्यापुरतं बरं होतं, पण फोनवर एका परदेशी ग्राहकाला मी सरळ 'धिस इज राँग' म्हणाले आणि तक्रार आली. मग तीन महिने शनिवार-रविवार क्लास. मॅडम सांगायच्या, "समोरच्याचं चुकतंय असं म्हणायचंच नाही. आधी चूक आपल्याकडे घ्यायची." मग आम्ही वीस जण एका सुरात म्हणायचो, 'आय मे बी राँग, बट...' मी चुकत असेन, पण. मला ते छान जमलं.

त्याच वर्षी आई कन्हानच्या घरी मागच्या पायरीवरून घसरली. नडगीचं हाड मोडलं. नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात भरती केलं, मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते, भाऊबहीण नाही. तिच्याजवळ मीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "लय दुखून राहिलं वं. आतून फाटल्यावानी."

"हाड मोडलं ना आई, दुखणारच."

"हाडाचं नाही हे. मले समजते. अन् बोटं तं मले हायेतच असं वाटत नाही."

मी चादर सरकवली. प्लास्टरबाहेरची बोटं सुजून तकतकीत झाली होती. हात लावला तर गार. अंगठ्याला चिमटा काढला. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. तिला कळलंच नव्हतं.

थोड्या वेळानं डॉक्टर राउंडला आले, मागे तीन-चार शिकाऊ. सगळं बोलणं इंग्रजीत. ते शेजारच्या खाटेपाशी होते तेवढ्यात मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. आमची पाळी आली तशी म्हणाले, "आय मे बी राँग डॉक्टर, बट आय वॉज जस्ट वंडरिंग..." प्लास्टर किंचित घट्ट तर झालं नसेल ना, असं पुढचंही सगळं इंग्रजीत, न अडखळता.

डॉक्टर हसले. कुठे नोकरी करता, विचारलं. मी सांगितलं. "गुड," म्हणाले. सूज दोन दिवसांत उतरेल, पाय उशीवर उंच ठेवा. दुखणं थांबवायचं इंजेक्शन लिहून पुढे गेले. मी थँक यू म्हणाले. खरं सांगायचं तर तेव्हा मला बरंच वाटलं होतं. वाक्य चांगलं झालं होतं.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"उतरेल म्हणाले."

"बोटाचं सांगितलं काय तू?"

"सांगितलं."

नव्हतं सांगितलं. बोटांना काही कळत नाही, हे त्या वाक्यात कुठं बसलंच नव्हतं.

संध्याकाळी ड्यूटी बदलली. नवीन आलेल्या सिस्टरनं चादर उचलली, बोटं दाबून पाहिली आणि तिथूनच फोन लावला. "सर, प्लास्टर आत्ताच्या आत्ता कापावं लागेल," एवढंच बोलली. मराठीत. अर्ध्या तासात आईला आत नेलं.

ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण पंजा पुन्हा उचलला गेला नाही. पायात रक्त पोचलं नव्हतं, म्हणून नस गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला इंग्रजीत समजावलं की असं क्वचित होतं. मी मान हलवली. मग खाली जाऊन तर्री-पोहे खाल्ले. तर्री जास्त टाका, असंही म्हणाले. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

आता आई माझ्याकडेच असते. पायाला पट्टा बांधून, वॉकर धरून घरातल्या घरात फिरते. यंदा कंपनीनं नवीन मुलांना बोलणं शिकवायचं काम मला दिलं. मी घेतलं. ती मुलं तेच वाक्य एका सुरात म्हणतात, मी उच्चार सुधारून देते.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू आईला भेटायला आल्या होत्या. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. आई त्यांना सांगत होती, "डॉक्टर कोनाचं ऐकून नाही राहिला होता. माही पोरगी त्याच्यासंग फटाफट इंग्रजीत बोलली, म्हणून पाय वाचला माहा."

"हुशार आहे हो पोरगी," काकू म्हणाल्या.

मी चहा गाळला आणि दोघींना नेऊन दिला.